जेकब रीस : बातमीदाराचा लोकसेवक

बातमीचें आयुष्य एका दिवसाचें असतें. सकाळीं ज्या पानावर घरांतील वडील माणसांची नजर खिळते, तेंच पान दुसऱ्या दिवशीं फडताळाच्या फळीवर अंथरलें जातें आणि महिनाअखेर रद्दीच्या तराजूंत पडतें. वाचकाच्या दृष्टीनें यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु ती बातमी ज्यानें आणिली, त्या बातमीदाराचें काय? आग, अपघात, उपासमार, बालमृत्यु हें सर्व तो स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो, त्याचे चार परिच्छेद करितो आणि दुसऱ्या दिवशीं नव्या दुःखाच्या शोधांत निघतो. पाहिलेलें सांगितलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें त्यानें मानावें काय? कीं सांगितल्यानंतर जें घडावयास पाहिजे, तें घडेपर्यंत त्यानें पाठ सोडूं नये?

हा प्रश्न प्रत्येक पिढींतील वृत्तपत्रकारांपुढें उभा राहतो, आणि वर्तमानपत्राची नोकरी सोडून सेवासंस्थांत अथवा सार्वजनिक कामांत शिरणारीं माणसें आजही आढळतात. ही वाट कशी चालली जाते, तींत लेखणीचें कौशल्य कोठें उपयोगीं पडतें आणि कोठें ठेंच लागते, हें समजून घेण्यासाठीं न्यूयॉर्क शहरांतील जेकब रीस या बातमीदाराचें चरित्र फार उपयुक्त आहे.

जेकब रीसचा जन्म ३ मे १८४९ रोजीं डेन्मार्कमधील रीबे या जुन्या गांवीं झाला. वडील शाळामास्तर होते. घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ आणि मिळकत बेताची, म्हणून ते गांवच्या वर्तमानपत्राचेंही काम पाहत, आणि मजकूर तयार करण्याच्या कामीं मुलगा त्यांच्या हाताखालीं असे. गांवांत गटारावर बांधलेली एक घाणेरडी इमारत होती. तींत अगदीं गरीब कुटुंबें आणि बेसुमार उंदीर राहत. एका नाताळांत जेकबला भेट म्हणून एक नाणें मिळालें. बारा-तेरा वर्षांच्या या मुलानें तें त्या इमारतींतील सर्वांत दरिद्री कुटुंबाला नेऊन दिलें; मात्र घर आणि मुलें स्वच्छ करावीं, अशी अट घातली. तो गृहस्थ इतका चकित झाला कीं, हे पैसे घ्यावे कीं न घ्यावे, हें विचारण्यासाठीं तो मास्तरांकडे गेला. पुढील आयुष्यांतील रीस या एका गोष्टींत पुरा दिसतो. कणव होतीच, तिच्या जोडीला उपदेशाची हौसही होती.

मुलानें लेखनाचा व्यवसाय करावा, अशी वडिलांची इच्छा. मुलानें सुतारकाम पत्करिलें. कोपनहेगनला तो तें शिकला, परंतु गांवांत काम मिळेना; ज्या मुलीवर त्याचें मन जडलें होतें तिनेंही नकार दिला. तेव्हां १८७० सालीं, एकविसाव्या वर्षीं, तो आगबोटीनें अमेरिकेस निघून गेला. पुढचीं तीन वर्षें त्यानें ज्या हालांत काढिलीं, तेंच त्याचें विद्यापीठ ठरलें. खाणमजुरांच्या झोंपड्या बांधणें, विटांच्या भट्टीवर राबणें, शेतमजुरी, दारोदार फिरून इस्त्र्या विकणें, जें मिळेल तें काम त्यानें केलें. कांहीं रात्री त्यानें कबरस्तानांतील थडग्यांवर झोंपून काढिल्या.

त्या काळीं न्यूयॉर्कच्या पोलीस ठाण्यांच्या तळघरांत बेघर लोकांस रात्रीपुरता आसरा देत. तेथें ना अंथरूण, ना पांघरूण, नुसत्या फळ्या. एका पावसाळी रात्रीं रीस अशा एका ठाण्यांत शिरला. एक भटका कुत्रा त्याच्यामागें आला होता. त्याला बाहेर ठेवावें लागलें. रात्रीं कोणीतरी रीसच्या गळ्यांतील सोन्याचें पदक चोरलें. तक्रार केली, तेव्हां अंमलदारानें त्यालाच चोर ठरवून हांकलून दिलें. आणि धनी बाहेर ढकलला जात आहे, हें पाहून धांवून आलेल्या त्या कुत्र्याला शिपायानें पायरीवर आपटून ठार केलें. ही रात्र रीस जन्मभर विसरला नाहीं. सूड उगविण्यास त्याला पंचवीस वर्षें लागलीं, आणि तो कसा उगविला, हें पुढें येईल.

१८७३ सालीं त्याला एका वृत्तसंस्थेंत बातमीदाराची जागा मिळाली. पुढें ब्रुकलिनमधील एक लहानसें साप्ताहिक त्यानें उधारीवर विकत घेतलें, कष्टानें चालविलें आणि नफ्यानें विकलें. नंतर कांहीं दिवस मॅजिक लँटर्न घेऊन, पडद्यावर चित्रें दाखवून, त्यांच्या मधून दुकानदारांच्या जाहिराती करण्याचा धंदाही त्यानें केला. जगाच्या दृष्टीनें ही धरसोड होती; परंतु पडद्यावरील चित्र लोकांस जागच्या जागीं कसें खिळवून ठेवितें, हें ज्ञान त्याला या धंद्यांत मिळालें. अखेर १८७७ सालीं न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्यें पोलीस बातमीदार म्हणून तो रुजू झाला. त्याची कचेरी मलबेरी स्ट्रीटवर, पोलीसांच्या मुख्य कचेरीच्या अगदीं समोर होती. पुढील वीस-बावीस वर्षें ही गल्ली हेंच त्याचें जग झालें.

त्या भागांतील वस्तीची कल्पना येण्यासाठीं मुंबईच्या दाटीवाटीच्या चाळी डोळ्यांपुढें आणाव्या, आणि त्यांतून गॅलरी व अंगण हीं दोन्ही वजा करावीं. पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब अशा जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर पांच-सहा मजले चढविलेले असत. रस्त्याकडील आणि मागील खोल्यांना काय तो उजेड. मधल्या खोल्या दिवसाढवळ्या अंधाऱ्या. रीसनें १८९० च्या सुमारास दिलेल्या हिशेबाप्रमाणें अशा ३७,००० इमारतींत १२ लाखांवर माणसें राहत होतीं. आरोग्यखात्याचे शिपाई मध्यरात्रीं खोल्यांतील माणसें मोजावयास जात, तेव्हां रीस त्यांच्याबरोबर जाई. बेयर्ड स्ट्रीटवरील एका खोलींत, जी कोणत्याही बाजूनें तेरा फूटही भरत नव्हती, बारा स्त्रीपुरुष झोंपलेले त्याला आढळले. एका जागेचें एका रात्रीचें भाडें पांच सेंट.

हें सर्व तो वर्षानुवर्षें लिहीत होता. लोक वाचत होते, हळहळत होते आणि पान उलटीत होते. येथें या चरित्रांतील पहिली महत्त्वाची गोष्ट घडली. शब्द अपुरे पडतात, हें रीसनें कबूल केलें. त्याला चित्र हवें होतें; परंतु ज्या खोल्यांत दुपारींही अंधार, तेथें त्या काळचा कॅमेरा काय करणार? १८८७ सालीं एके सकाळीं न्याहारी करीत असतां वर्तमानपत्रांतील चार ओळींची एक बातमी त्याच्या दृष्टीस पडली. मॅग्नेशियमची पूड पेटवून क्षणभर प्रखर उजेड पाडावा आणि त्या उजेडांत अंधाऱ्या जागेचेंही छायाचित्र घ्यावें, अशी युक्ति जर्मनींत निघाली होती. रीस ओरडूनच उठला. आरोग्यखात्यांतील डॉक्टर नेगल हे हौशी छायाचित्रकार. त्यांना आणि त्यांच्या दोन मित्रांना घेऊन तो रात्रींच्या स्वारीवर निघूं लागला, आणि पुढें स्वतःच कॅमेरा चालवूं लागला.

हें काम जोखमीचें होतें. प्रथम पिस्तुलासारख्या यंत्रांतून बार काढून उजेड पाडीत. त्यानें झोंपलेले लोक घाबरून खिडक्यांतून पळत. मग रीसनें तळण्याच्या तव्यावर पूड पेटविण्यास सुरुवात केली. एकदां पांच आंधळ्या भिकाऱ्यांचें चित्र घेतांना भिंतीवरील कागदांनीं आणि चिंध्यांनीं पेट घेतला. आंधळ्यांना आग दिसत नव्हती आणि जिना मोडका. रीसनें मोठ्या शिकस्तीनें ती विझविली. नंतर हा प्रसंग त्यानें एका पोलीस शिपायाला सांगितला, तेव्हां तो हंसून म्हणाला कीं, ही इमारत इतकी घाणेरडी आहे कीं ती पेटणारच नाहीं!

चित्रांचा परिणाम मात्र तात्काळ दिसला. खोल्यांतील गर्दीचा लेखी अहवाल आरोग्यमंडळापुढें गेला, तेव्हां सभासद फारसे हलले नाहींत. पण रीसनें काळोख्या खोलींतून नुकत्याच धुतलेल्या, पाणी निथळत असलेल्या कांचा त्यांच्यापुढें धरिल्या, आणि वाद संपला. बातमीविषयीं शंका घेतां येते. पुराव्याविषयीं तितकी सहज घेतां येत नाहीं. बातमीदाराचा लोकसेवक होण्याच्या वाटेवरील ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी व्याख्यानपीठाची. २५ जानेवारी १८८८ रोजीं हौशी छायाचित्रकारांच्या सभेपुढें रीसनें मॅजिक लँटर्नच्या साह्यानें पहिलें व्याख्यान दिलें. त्यानंतर तो चर्चमधून हींच चित्रें दाखवूं लागला. कांहीं ठिकाणीं त्याला दरवाजे बंद झाले. सभ्य मंडळींस ऐन प्रार्थनामंदिरांत गटारें पाहण्याची इच्छा नव्हती. पण जेथें प्रवेश मिळाला, तेथें पाहणारे हादरले. एका व्याख्यानास मासिकाचे एक संपादक हजर होते; त्यांतून डिसेंबर १८८९ मध्यें स्क्रिब्नर्स मासिकांत त्याचा लेख आला आणि १८९० सालीं ‘हाउ दि अदर हाफ लिव्ज’ हें त्याचें पुस्तक बाहेर पडलें. शहराचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याच्या जिण्याविषयीं अंधारांत आहे, हा त्याचा विषय. कांहीं दिवसांनीं एक तरुण गृहस्थ रीसच्या कचेरींत येऊन गेला. रीस जागेवर नव्हता, म्हणून त्यानें आपल्या नांवाची चिठ्ठी ठेविली, आणि तींत पुस्तक वाचून मदत करावयास आलों, अशा अर्थाचे शब्द लिहिले. तो गृहस्थ म्हणजे थिओडोर रूझव्हेल्ट, पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेला.

आतां तिसरी पायरी, आणि तीच सर्वांत कठीण: पाठपुरावा. तो रीस कसा करीत असे, याचीं तीन उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें पाण्याचें. १८९१ च्या उन्हाळ्यांत आरोग्यखात्याच्या साप्ताहिक पत्रकांत, शहराच्या पिण्याच्या पाण्यांत नायट्राइट्सचा अंश आढळल्याची एक ओळ रीसनें वाचली. सामान्य बातमीदारानें ती सोडून दिली असती. रीसनें जाणत्यांस विचारलें, तेव्हां समजलें कीं, हें मैलापाणी मिसळत असल्याचें चिन्ह आहे. लगेच कॅमेरा घेऊन तो क्रोटन जलाशयाच्या खोऱ्यांत गेला आणि जलाशयाला मिळणारे ओढे त्यानें आठवडाभर पायीं धुंडाळले. गांवांचीं गटारें, गोठे, घाणीचे ढीग सर्व त्या पाण्यांत मिळत होते. त्यांचीं छायाचित्रें त्यानें घेतलीं. मग एका वैद्यकतज्ज्ञाला त्यानें विचारलें कीं, पटकीचा जंतु वाहत्या पाण्यांत किती दिवस जगतो. उत्तर मिळालें, सुमारें सात दिवस. शहरापर्यंत पाणी पोंचण्यास लागणारा वेळ त्याहून कमी होता. इतकें हातीं आल्यावरच त्यानें तें ईव्हनिंग सन पत्रांत छापिलें. अखेर शहरानें पुष्कळ पैसा खर्चून जलाशयाभोंवतींची जमीन विकत घेतली. पाण्याची ही तपासणी रीस आपल्या कामगिरींत फार मोलाची मानीत असे.

दुसरें उदाहरण मलबेरी बेंडचें. मलबेरी स्ट्रीट जेथें वळण घेते, तेथील वस्ती शहरांत सर्वांत बदनाम होती. ती पाडून तेथें बाग करावी, असें रीस सतत लिहीत होता. लहान बागांसंबंधीं कायदा १८८७ सालींच झाला. पण इमारती पडावयास १८९५ उजाडलें. पडल्यावरही मोकळ्या जागेंत गाडे उभे राहूं लागले आणि तेथें खेळणारीं मुलें एका गाड्याखालीं चिरडलीं. तेव्हां रीसनें ती जागा सार्वजनिक उपद्रव ठरवावी, अशी शहराविरुद्धच रीतसर तक्रार नोंदविली. अखेर १८९७ च्या जूनमध्यें बाग उघडली. कायद्यापासून हिरवळीपर्यंत दहा वर्षें! समारंभाला रीसला निमंत्रण नव्हतें. तो गर्दींत उभा होता. शहराच्या सफाईखात्याचे प्रमुख कर्नल वेअरिंग यांनीं भाषणांत त्याचें नांव घेतलें आणि लोकांकडून त्याचा जयजयकार करविला.

तिसरें उदाहरण पोलीस ठाण्यांतील त्या आसऱ्यांचें. १८९५ सालीं रूझव्हेल्ट पोलीसमंडळाचा अध्यक्ष झाला आणि रीस त्याला रात्रीं शहर दाखवूं लागला. कोणता शिपाई गस्त सोडून झोंपला आहे, येथपासून गरिबांच्या खोल्यांपर्यंत सर्व. एका रात्रीं ते दोघे त्याच ठाण्यांत गेले, जेथें पंचवीस वर्षांपूर्वीं रीसचा कुत्रा मारला गेला होता. ती हकीकत रूझव्हेल्टला त्यानें तेथेंच सांगितली. १८९६ च्या फेब्रुवारींत ते सर्व आसरे बंद झाले.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. रीसनें नुसती ओरड केली नाहीं. काय चुकतें, तें दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या अधिकाऱ्यापुढें कोणता पुरावा ठेवावा, हें त्यानें आधीं शोधून काढिलें. बालमजुरांच्या बाबतींतही तसेंच. आईबाप मुलाचें वय खुशाल चौदा सांगत. रीसनें डॉक्टरांकडून दांतांचें शास्त्र समजून घेतलें आणि सुळे आले आहेत कीं नाहींत, हें पाहून तो खोटें वय ओळखूं लागला.

अशा माणसाला संस्था आपण होऊन बोलावतात. सुराज्यासाठीं झटणाऱ्या नागरिकसंघांचा तो प्रतिनिधि झाला. १८९७ सालीं लहान बागांविषयींच्या समितीचा तो चिटणीस झाला. मोठें सरकारी पद मात्र त्यानें कधीं घेतलें नाहीं. १९०० च्या सुमारास त्यानें बातमीदारी सोडली आणि व्याख्यानें व पुस्तकें यांवर तो निर्वाह करूं लागला. इकडे १९०१ सालीं न्यूयॉर्क राज्यानें भाड्याच्या इमारतींसंबंधीं नवा कायदा केला. नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला बाहेरची हवा, उजेड आणि घरांतच शौचकूप हीं आवश्यक झालीं. तो घडविण्यांत इतर अनेकांचे श्रम होते. परंतु लोकमताची जमीन नांगरली ती मुख्यतः रीसनें.

त्याच्या नांवाची सेवासंस्था उभी राहिली, तिची हकीकत तर अगदींच साधी आहे. तो शहराबाहेर रिचमंड हिल येथें राहत असे. त्याच्या मुलांनीं रानांतलीं फुलें तोडून गरिबांसाठीं म्हणून त्याच्या हातीं दिलीं. मलबेरी स्ट्रीटवर पोंचतांच तेथील मुलांनीं त्याला गराडा घातला. ज्यांना फूल मिळालें नाहीं, तीं रडूं लागलीं. रीसनें १८८८ सालीं वर्तमानपत्रांत एक लहानसें पत्र लिहून, शहरांत कामास येणाऱ्यांनीं येतांना थोडीं फुलें आणावीं, अशी विनंति केली. फुलांच्या पेट्यांच्या पेट्या येऊन पडल्या. वांटावयास पोलीस शिपायांनीं हात लाविला, आणि मग ‘किंग्ज डॉटर्स’ या स्त्रियांच्या मंडळानें तें काम अंगावर घेतलें. फुलें वांटतां वांटतां आजारी माणसें दिसलीं. त्यांतून शुश्रूषा, मुलांचे वर्ग, आयांसाठीं मंडळें असा व्याप वाढला आणि हेन्री स्ट्रीटवर सेवागृह झालें. १९०१ मध्यें त्याला रीसचें नांव दिलें गेलें. पुढें जागा बदलून ती संस्था क्वीन्स भागांत गेली.

आतां ठेंच कोठें लागली, तेंही पाहिलें पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. रीस स्वतः परदेशांतून आलेला; तरीही चिनी, इटालियन, ज्यू यांच्याविषयीं त्यानें सरसकट दोषारोप केले आहेत, आणि ते आज वाचवत नाहींत. झोंपलेल्या गरिबाच्या खोलींत मध्यरात्रीं शिरून, त्याची अनुमति न घेतां त्याचें चित्र काढणें हें कितपत उचित, हाही प्रश्न आहेच. बाग झाली, पण पाडलेल्या घरांतील भाडेकऱ्यांस दुसरीं घरें कोणी बांधून दिलीं नाहींत, ते शेजारच्या गर्दींत मिसळले. पोलीसांचे आसरे बंद झाले, हें योग्यच. पण भर हिवाळ्यांत त्या फळीवरून उठविलेल्या माणसाला ती फळीही उरली नाहीं. बातमीदाराला दोष चटकन दिसतो, कारण त्याचा डोळाच तसा तयार झालेला असतो. परंतु दोष काढून टाकल्यावर त्या जागीं काय ठेवावयाचें, हें काम निराळें आहे. तें ज्यांच्यासाठीं करावयाचें, त्यांनाच विचारून, धीमेपणानें करावें लागतें. वृत्तपत्रांतून सेवेकडे वळणाऱ्यानें नव्यानें शिकावयाचें असेल तर हेंच.

२६ मे १९१४ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील बॅरे येथें रीसचें निधन झालें. त्याचीं छायाचित्रें पुढें विस्मृतींत गेलीं. अलेक्झांडर अॅलंड या छायाचित्रकारानें त्यांचा माग काढिला आणि १९४७ सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्यांचें प्रदर्शन झालें. आपण छायाचित्रकार आहों, असें रीस कधीं मानीत नसे. त्याला चित्रें हवीं होतीं तीं पुराव्यासाठीं.

मलबेरी बेंडची बाग उघडण्यापूर्वींचा एक प्रसंग त्यानें आपल्या आत्मचरित्रांत खेळकरपणें सांगितला आहे. बऱ्याच दिवसांनीं तो त्या बाजूस गेला, तों इमारतींच्या जागीं नवी हिरवळ घातलेली. आनंदाच्या भरांत तो तिच्यावर चालूं लागला. तोंच मागून पाठीवर काठीचा तडाखा बसला आणि पोलीस शिपाई ओरडला कीं, गवतावरून चालूं नकोस, बाहेर हो! तो कोण आहे, हें त्या शिपायाला ठाऊक नव्हतें. ठाऊक असण्याचें कारणही नव्हतें. बाग शहराची झाली होती आणि तिचा पहारा सुरू झाला होता. रीस मुकाट्यानें हिरवळीवरून उतरून रस्त्यावर आला.